एक्केचाळीस लाल

आमच्या ऑफिसला तळणीचा वास येतो. खाली कोंबडी तळण्याचं दुकान आहे. त्याचा धूर जिन्यातून वर चढतो आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या पडद्यांत, खुर्च्यांच्या कापडात, कीबोर्डच्या फटींत मुरतो. बारा वर्षं मी हा वास घेतेय. लोक म्हणतात, सवय होते. मला झाली नाही. आमच्या हारो भागातल्या चौकातून चालत येताना जो काही बरा मूड असतो, तो दार उघडताच जातो.

माझं नाव लुझविमिंदा. ऑफिसात सगळे मला थोरली बहीण समजून नांग मिंदा म्हणतात. आमचे साहेबसुद्धा म्हणतात, कारण ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. आम्ही साखर कारखान्यांसाठी एक भाषा सांभाळतो, तिचं नाव कालामाय. गव्हाणीत ऊस कधी थांबवायचा, वाफेचा व्हॉल्व्ह किती उघडायचा, रोलर कधी बंद करायचे, हे नियम कारखान्यातली माणसं या भाषेत लिहितात. ते नियम यंत्राला कळतील असे करून देणारा कंपायलर आमचा, आणि नियमात घोळ असला की आधीच बोंब मारणारा तपासनीसही आमचाच.

ही अवजारं ठीक आहेत की नाहीत हे बघायला आमच्याकडे नऊशे बारा चाचण्या आहेत. प्रत्येकीत एक छोटा नियम आणि त्याचं अपेक्षित उत्तर. अवजारानं तेच उत्तर दिलं तर हिरवं, वेगळं दिलं तर लाल. पूर्वी हे सगळं कोपऱ्यातलं एक यंत्र रोज आपोआप चालवायचं. एकदा वीज वरखाली झाली आणि ते जळलं. नवीन आणायच्या ऐवजी साहेबांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं आपापल्या लॅपटॉपवर चाचण्या चालवाव्यात आणि चार वाजता हिरव्या पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. साडेतीनला मेरिएंदा, म्हणजे मधलं खाणं, चारला फोटो. तळलेल्या केळ्याचा चिकट पाक बोटांना लागलेला असतानाच माणसं फोटो काढत, आणि त्याच्यावर हृदयं येत. चौदा महिने रोज तो हिरवा रंग आणि ती हृदयं बघून मला उबग आला होता, पण मीही फोटो टाकत होते. मीही हृदयं देत होते.

आता बुन्यागचं सांगते, कारण सगळी घाण तिथूनच आली.

नवा माणूस आला की त्याचा आयडीई लावून द्यावा लागतो. ज्या खिडकीत बसून आम्ही दिवसभर कोड लिहितो, चालवतो, तपासतो ती खिडकी म्हणजे आयडीई. ती नुसती उघडून भागत नाही. कंपायलर कुठे आहे, कसा बांधायचा, चाचण्या कुठून उचलायच्या, कुठल्या खुणा चालू ठेवून चालवायच्या, अशा दीडदोनशे गोष्टी तिला सांगाव्या लागतात. हातानं करायचं म्हटलं तर दोन दिवस मोडतात. आमच्याकडे कुणी हातानं करत नाही. जुन्या माणसाचं सेटिंगचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि नव्याच्या लॅपटॉपवर ओतायचं. याला आम्ही बुन्याग म्हणतो, बाप्तिस्मा. नवा माणूस पुतोचा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या केकचा, डबा आणतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि ज्याचं फोल्डर घेतलं तो त्याचा धर्मपिता किंवा ती त्याची मानिनाय, म्हणजे धर्ममाता, होते. मग त्या फोल्डरात काय आहे हे कुणी उघडून बघत नाही. मानिनायनं दिलेल्या झग्याची शिवण उसवून बघण्यासारखं होईल ते.

आमच्या ऑफिसात दहा माणसं आहेत. आठ जणांची मानिनाय मी. साहेबांचा लॅपटॉप बदलला तेव्हा त्यांनीही माझंच फोल्डर घेतलं होतं.

एकटी रिझालिन बुन्यागाशिवाय राहिली.

रिझालिन गारगोलेस गिम्बाल गावची, सव्वीस वर्षांची. तिला चार वर्षांची मुलगी आहे, आल्थेया. ती गिम्बालला आजीकडे असते आणि ही शनिवारी-रविवारी जीपनीनं जाऊन तिला भेटून येते. तिचा पासपोर्ट एका एजन्सीकडे पडून होता, तैवानमधल्या चिपच्या कारखान्यासाठी. पहिल्याच दिवशी तिनं मला स्वच्छ सांगितलं होतं, "नांग, सहा महिन्यांनी इथं कायम झाले तर पासपोर्ट परत आणते. नाही झाले तर तीन वर्षं तिकडे. तोवर आल्थेया मला ओळखायची पण नाही."

तिच्या वाटेला जुना लॅपटॉप आला. त्यावर माझं फोल्डर बसेना. दोनदा ओतलं, दोनदा आयडीई उघडायच्या आधीच मेला. शेवटी ती म्हणाली, "मी हातानं लावते." आणि अडीच दिवस ती जाडजूड सूचना वाचत एकेक गोष्ट लावत बसली. पुतो मात्र तिनं आणले होते. ते आम्ही खाल्ले.

तिसऱ्या दिवशी तिनं चाचण्या चालवल्या. आठशे एकाहत्तर हिरव्या, एक्केचाळीस लाल.

दहा जणांत नऊ जणांचं हिरवं आणि एकीचं लाल असेल तर चूक कुणाची? असा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पुढचे पाच महिने आमचा जुनेल रोज चार वाजता तिच्या खुर्चीमागे उभा राहायचा आणि विचारायचा, "काय इंदाय, आज किती टोमॅटो पिकले?" इंदाय म्हणजे पोरी. सगळे हसायचे. ती खाली मान घालून, थोरल्या भावाला म्हणतात तसं नोंग म्हणत, सांगायची, "एक्केचाळीसच, नोंग." मीही तिला काही कमी बोलले नाही. "लाजेखातर तरी एकदा नीट लाव गं," असं सगळ्यांदेखत म्हटलंय मी. एकदा नव्हे. आता ते शब्द आठवले की तोंडात कडू येतं.

तिच्या सहाव्या महिन्याचा शेवटचा सोमवार उजाडला. शुक्रवारी मुदत संपणार होती. त्याच्या आत कंपनीनं नको म्हटलं नाही तर माणूस आपोआप कायम होतो, म्हणून नको म्हणायचं असेल ते या आठवड्यातच. एडसेल साहेबांनी मला आत बोलावलं. ते नूडल्सचं बाचोय खात होते. ते रोज टेबलावरच बाचोय खातात. काळजाचे तुकडे, आतडी, मज्जा, वरून कुरकुरीत कातडी, आणि त्याचा रस्सा ते वाटीला तोंड लावून ओढतात. तो आवाज मला सहन होत नाही.

"नांग, हा कागद," ते म्हणाले. "रिझालिनचा. सही तुमची लागेल. शिकवायला तुम्हीच होतात."

कागदावर एकच ओळ होती. कामाची साधनं स्वतः लावता येत नाहीत.

"सर, पोरगी कामाला चांगली आहे."

"चांगली आहे हो. मी कुठे नाही म्हणतो? पण पाच महिन्यांत स्वतःचा आयडीई हिरवा करता येईना, तिला कायम कसं करू? शुक्रवारी कारखान्याचे इंजिनिअर पानेस येतायत. पुढच्या तीन वर्षांचं काम त्यांच्या हातात. त्यांनी तिचा लाल पडदा बघितला म्हणजे?" त्यांनी ओठावरचा रस्सा हाताच्या पालथ्या बाजूनं पुसला आणि त्याच हातानं कागद माझ्याकडे सरकवला. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग पडला.

मी म्हटलं, एकदा शेवटचं बसते तिच्याबरोबर. शुक्रवारपर्यंत देते सही करून.

त्यात तिच्याबद्दल दया होती असं कुणी समजू नये. मला काहीच प्रयत्न न करता सही करायची लाज वाटत होती, एवढंच.

बुधवारी दुपारी मी माझा लॅपटॉप उचलून तिच्या टेबलावर ठेवला. ठरवलं, फोल्डर बसत नाही ना, मग माझ्या खिडकीतली एकेक गोष्ट वाचायची आणि तिच्या खिडकीत तीच करायची. दीडशे असोत की दोनशे. मी वाचत गेले, ती लावत गेली. तिचं बरंचसं आधीच बरोबर होतं, काही ठिकाणी तर माझ्यापेक्षा नेटकं. तिच्या कीबोर्डच्या फटींत एक कण नव्हता. माझ्या कीबोर्डमध्ये बारा वर्षांची मेरिएंदा होती.

"मेमरी?"

"तेवढीच आहे, नांग."

"उत्तरांच्या फोल्डरमधले बदल सामायिक साठ्यात पाठवू नये?"

"ते साहेबांचं कुलूप. आहे माझ्याकडेपण."

"अपेक्षित उत्तरं नव्यानं लिहावीत? चालू."

तिचा हात थांबला.

"चालू कर," मी पुन्हा म्हटलं. माझं लक्ष पुढच्या ओळीवर होतं.

"हे नको, नांग," ती हळूच म्हणाली.

मी चिडून मान वर केली. मग माझ्या पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा.

ती खूण कशासाठी असते हे मला न कळायला मी काल आलेली नव्हते. कधी आपणच अवजार मुद्दाम बदलतो, मग सगळी अपेक्षित उत्तरं जुनी होतात. तेव्हा ही खूण एकदाच चालू करायची. मग चाचणी उत्तर ताडून बघतच नाही. अवजार जे ओकेल तेच बरोबर उत्तर म्हणून लिहून ठेवते आणि हिरवं दाखवते. काम झालं की लगेच बंद करायची. चालू राहिली तर तुम्ही काय वाटेल ते करा, सगळं हिरवंच.

चौदा महिन्यांपूर्वी मी तपासनिसाच्या इशाऱ्यांचे शब्द बदलले होते. नऊशे बारा उत्तरं नव्यानं लिहायची होती. एका दुपारी मी ही खूण चालू केली आणि साहेबांकडून कुलूप काढून घेऊन नवी उत्तरं साठ्यात पाठवली. मग कुणीतरी हाक मारली, पानात बांधलेल्या चिकट भाताचे इबोस आलेत, गरम आहेत. मी गेले. परत येऊन काय केलं ते आठवत नाही. बंद केली नाही एवढं नक्की. त्याच आठवड्यात नवे लॅपटॉप आले म्हणून चौघांचा बुन्याग झाला, मग आणखी तिघांचा, मग साहेबांचा. आणि साहेबांचं ते कुलूप होतंच. मागं एका शिकाऊ पोरानं उत्तरं बिघडवली होती, म्हणून लावलेलं. त्यामुळे आमची खोटी उत्तरं आमच्या आमच्याच लॅपटॉपवर राहिली आणि सामायिक साठ्यातली खरी उत्तरं तशीच पडून होती. ती खरी उत्तरं दहा जणांत फक्त रिझालिन ताडून बघत होती.

हे सगळं कळायला मला एक मिनिटही लागलं नसेल.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तिनं कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"इंदाय, मी विचारतेय."

"दुसऱ्या आठवड्यात कळलं, नांग. जुनेल नोंगच्या खिडकीत दिसलं."

"मग सांगायचं नाही? पाच महिने शिव्या खात बसलीस!"

"सांगितलं होतं." तिचा आवाज अगदी मऊ होता. "मेरिएंदाला. तुम्ही चहा ओतत होतात. मी म्हटलं, नांग, तुमच्या फोल्डरात एक खूण चालू राहिलीय बहुतेक. तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचं नाक पूस, मग मानिनायचं बघ. सगळे हसले. मग मी नाही बोलले परत."

मला आठवलं. वाक्य आठवलं, हसू आठवलं, आणि मी किती खुशीत होते तेही आठवलं.

त्या क्षणी मला स्वतःची जी किळस आली तिच्यापुढे खालच्या दुकानातलं काळं तेल बरं. चूक होते माणसाच्या हातून, इबोस गरम असतात. पण एक पोरगी हळूच येऊन सांगते आणि आपण तिला दहा जणांत उडवून लावतो, आणि मग पाच महिने तिच्यावरच डाफरतो, याला चूक म्हणत नाहीत.

तिच्यादेखत मी साठ्यातून खरी उत्तरं उतरवून घेतली, माझी खूण बंद केली आणि चाचण्या चालवल्या. एक्केचाळीस लाल. तेच एक्केचाळीस, त्याच क्रमानं. एका नियमात तीन अटी असल्या की आमचा कंपायलर तिसरी अट गाळत होता. गव्हाण भरलेली असेल, आणि रोलर अडला असेल, आणि व्हॉल्व्ह बंद असेल, तर थांबव. यातला व्हॉल्व्ह आम्ही वर्षभर गिळत होतो.

"आता तुझं काम झालं बघ," मी म्हटलं. "उद्या साहेबांना सांगते. तुझं बरोबर, आमचं चूक. सही कसली करतेय मी त्या कागदावर!"

ती हसली नाही. तिला माझ्याहून जास्त अक्कल होती.

गुरुवारी मी आत गेले. वाटी होतीच. मी सगळं सांगितलं, माझ्या इबोससकट. एडसेल साहेबांनी चमचा खाली ठेवला. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"किती जणांना माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे. तुम्हाला, तिला, आणखी कुणाला?"

"कुणाला नाही. सर, पण एक्केचाळीस ठिकाणी…"

"नांग, बसा. बसा हो." ते माझ्याशी एकदम गोड झाले. "दुरुस्त करायचंच आहे. पुढच्या महिन्यात करू, गुपचूप. पण उद्या पानेस येतायत. उद्या सगळे हिरवे पाहिजेत, तीपण. तुम्ही तिच्या यंत्रावर ती खूण चालू करा. तिचं हिरवं झालं की मी हा कागद फाडतो आणि तिला कायम करतो. झालं! तिचंही भलं, तुमचंही. तुमचं नाव कशाला निघायला पाहिजे यात?"

"आणि नाही केली तर?"

"तर मग साधनं लावता येत नाहीत, हे खरंच आहे की," ते म्हणाले आणि चमचा उचलला. वाटीत थंड झालेल्या चरबीची साय धरली होती. त्यांनी ती चमच्यानं मोडली आणि खाल्ली.

मी बाहेर आले ती थेट मोरीत गेले. तोंडावर पाणी मारलं. आरशात बघवेना. सगळ्यात घाणेरडी गोष्ट ही होती की 'तुमचं नाव कशाला निघायला पाहिजे' हे ऐकल्यावर छातीवरचं ओझं जरा हललं होतं. मला ते कळलं होतं.

रिझालिनला मी जिन्यात नेऊन सांगितलं. ऐकताना ती कठड्याच्या रंगाचे पोपडे नखानं काढत होती. खालून धूर येत होता.

"म्हणजे खूण लावली की मी कायम," ती म्हणाली.

"हो."

"आणि नाही लावली तर तैवान."

"हो, इंदाय."

तिनं आणखी एक पोपडा काढला. मग म्हणाली, "लावा, नांग."

"तू पाच महिने लावली नाहीस. एका टिचकीचं काम होतं."

"तेव्हा मला किळस आली होती," ती म्हणाली. "अजून येते. पण आल्थेया परवा फोनवर आजीला आई म्हणाली." मग तिनं नखाखालचा रंग झटकला. "तुम्हीच लावा पण. माझ्या हातानं नको."

मी तिच्या लॅपटॉपसमोर बसले. बाण त्या खुणेच्या चौकटीवर नेला. तिथं नेऊन ठेवला. मग म्हटलं, उद्या सकाळी लावते. घरी गेले. जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर म्हटलं तेलाचा वास.

शुक्रवारी सकाळी मी लावली नाही. याला प्रामाणिकपणा म्हणू नका. मला त्या चौकटीला हात लावायची शिसारी आली होती. मेलेल्या झुरळाला हात लावत नाही तसा मी लावला नाही, आणि लॅपटॉप झाकून ठेवून दिला. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत नव्हते.

दहा वाजता इंजिनिअर पानेस आले. साठीचे, उन्हानं रापलेले, शर्टाच्या खिशात चष्मा. कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी आल्या आल्या बिस्कोचोचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "खाली काय जळतंय?" मला ते तिथंच आवडले.

साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला वायर लावली. नेहमीप्रमाणे माझ्या लॅपटॉपला. वायर लागली त्या क्षणी मला आठवलं की बुधवारी बंद केलेली खूण मी पुन्हा चालू केलेलीच नाही. वेळ होता. दोन सेकंदांचं काम. साहेब अजून आमच्या गुणवत्तेबद्दल बोलत होते, जुनेल खुर्च्या सरकवत होता, रिझालिन मागे भिंतीला टेकून उभी होती. माझा हात माऊसवर होता. मी तो हलवला नाही.

"चालवा, नांग," साहेब म्हणाले.

मी चालवलं. आठशे एकाहत्तर हिरवे. एक्केचाळीस लाल, भिंतभर.

जुनेलच्या तोंडून "आबाव!" असं निघून गेलं. साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. मी रिझालिनकडे वळून बघितलं. तिनं डोळे मिटले होते.

इंजिनिअर पानेसनी चष्मा लावला. खुर्ची पुढे ओढली. ओठ हलवत, बोटानं मोजत त्यांनी लाल ओळी वाचल्या. मग फोन काढला, त्यातला एक फोटो शोधला आणि आमच्याकडे फिरवला. त्यांच्या कारखान्याच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर चिकटवलेला कागद होता तो, हातानं लिहिलेला, डागाळलेला. वर लिहिलं होतं, हे असं लिहू नये.

"आमच्याकडे अडतीस आहेत," ते म्हणाले. "तिसरी अट वेगळ्या नियमात लिहायची, नाहीतर ती पोचत नाही. दोन हंगाम झाले, पोरं सगळं दोनदा लिहितायत. तुम्ही आणखी तीन शोधलेत. कोणते ते दाखवा बरं."

"तुम्ही… कळवलं नाहीत, सर?" साहेबांनी कसंबसं विचारलं.

"कळवायचं काय?" ते खरंच गोंधळले. "दर महिन्याला तुमचा सगळं हिरवं असल्याचा कागद येतो. आम्हाला वाटलं, भाषाच तशी आहे. तुम्ही शिकलेली माणसं."

मला वाटलं होतं की आज मला स्वतःची याहून जास्त घाण वाटणं शक्य नाही. तसं नव्हतं.

पण एडसेल साहेब किती लवकर सावरतात ते मी विसरले होते. तीन श्वास, फार तर चार. मग ते उठले आणि रिझालिनच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुढे घेऊन आले.

"सर, हेच दाखवायचं होतं आज," ते म्हणाले. "ही आमची रिझालिन. पाच महिने हिला आम्ही याच कामावर ठेवलंय. मुद्दाम तिला वेगळं यंत्र दिलं. बाकीच्यांचं फोल्डर दिलं नाही. सगळं हातानं लावायला सांगितलं, म्हणजे निःपक्षपाती नजर राहील. हे एक्केचाळीस तिचे. आता दुरुस्ती तीच बघेल. आजपासून ती आमच्याकडे कायम आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या तोंडातून ते शब्द इतके सहज, इतके ओले बाहेर येत होते की मला त्यांची वाटी आठवली. आणि तरी हेतू सोडला तर त्यातली एकेक गोष्ट कागदावर खोटी ठरली नसती. वेगळं यंत्र होतं. फोल्डर दिलं नव्हतं. हातानं लावलं होतं. आजपासून कायम. जुनेलनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाच महिने टोमॅटो विचारणारा जुनेल. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मीही वाजवल्या.

इंजिनिअर पानेस उठून रिझालिनजवळ गेले. तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"शाब्बास, इंदाय," ते म्हणाले. "इथं आणखी नऊ जण आहेत, कुणाला दिसलं नाही. तुलाच कसं सुचलं सगळं स्वतः लावून बघायचं? कुणी शिकवलं?"

साहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं. ती आता काहीही म्हणू शकत होती. तिला कायम म्हटलेलं दहा जणांनी ऐकलं होतं, एका पाहुण्यानं ऐकलं होतं, ते आता कुणाच्या बापाला फिरवता आलं नसतं. ती दुसऱ्या आठवड्याचं सांगू शकत होती. चहाचं सांगू शकत होती. मी काय म्हणाले होते ते शब्दासकट सांगू शकत होती, आणि देवाशपथ, मला तेव्हा ते हवं होतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत टोमणा असता तरी मी तो घरी घेऊन गेले असते. पण ती लहानपणापासून जे शिकली होती तेच करत होती. थोरल्या माणसाचा चारचौघांत अपमान होऊ द्यायचा नाही.

"नांग मिंदांनी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, दुसऱ्याचं उचलू नकोस, स्वतःचं स्वतः लाव."

इंजिनिअर पानेस माझ्याकडे वळले आणि त्यांनी कौतुकानं मान झुकवली. मीही झुकवली.